संवाद कुठे हरवतात?

घरी चित्रपट पाहताना "काय म्हणाला रे तो?" असे आजोबांनी विचारले, की तुम्ही आवाज वाढवता. पण पार्श्वसंगीतही तितकेच वाढते आणि शब्द पुन्हा बुडतात! असे का व्हावे?

एक प्रयोग करा. मित्राला पलीकडच्या खोलीत बसवून दार लावा. 'पान', 'कान', 'तान' यांपैकी एखादा शब्द त्याने म्हणावा. 'आ' कळेल, पहिले व्यंजन बहुधा कळणार नाही. स्वरांची बरीचशी ऊर्जा १००० हर्ट्झच्या खाली असते. व्यंजने दुबळी आणि क्षणिक. 'स'ची सळसळ तर ४००० हर्ट्झच्याही वर जाते. दार नेमक्या या उच्च कंप्रता अधिक अडवते. आणि शब्द ओळखायचा तो व्यंजनांवरूनच!

आता आपला चपटा टीव्ही पाहा. त्याचे ध्वनिवर्धक पुष्कळदा मागे किंवा खाली तोंड करून असतात. (चित्रपटगृहात ते पडद्यामागे, पण प्रेक्षकांकडे तोंड करून असतात, पडद्याला त्यासाठी बारीक भोके असतात.) आवाज भिंतीवर आपटून येतो, वाटेत पडदे-गाद्या व्यंजने शोषतात, उरलेली ढोल-नगाऱ्यांचा खर्ज झाकून टाकतो.

तेव्हा आवाज न वाढवता 'बेस' कमी करा आणि आजोबांची खुर्ची पुढे सरकवा. अंतर निम्मे झाले, की थेट येणारा आवाज सुमारे ६ डेसिबेलने वाढतो. खोलीतला घुमारा जवळजवळ तेवढाच राहतो.