कोळंबीवर पांढरे ठिपके दिसले तर आधी मानस बंद करा
बांधवांनो, खाजनातल्या कोळंबीने अचानक खाणं सोडलं, ती बांधाकडेला येऊन मंद फिरू लागली आणि डोक्याच्या कवचावर पांढरे ठिपके दिसले, तर व्हाईट स्पॉट समजून चला.

हा विषाणू आपल्या देशात १९९४ पासून आहे. ३ ते १० दिवसांत तळं रिकामं करतो. माणसाला तो लागत नाही, पण त्यावर औषधही नाही. अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं, विषाणूवर नाही. पैसे मात्र फुकट जातात.

घाबरून पाणी सोडलं की रोग खाडीत जातो. कुर्ल्या स्वतः सहसा मरत नाहीत, पण रोग बाळगतात आणि भरतीबरोबर शेजाऱ्याच्या तळ्यात शिरतात. म्हणून आम्ही सर्वांना सांगतो:

• मानस बंद ठेवा, शेजाऱ्यांना त्याच दिवशी कळवा.
• मेलेली कोळंबी चुना टाकून पुरा. खाडीत फेकू नका, गरीला लावू नका.
• इथली जाळी दुसऱ्या तळ्यात नेऊ नका.
• पाण्यात ब्लीचिंग पावडर टाकून, काही दिवस अडवून मगच सोडा.
• पुढच्या वेळी पीसीआर तपासणी झालेलंच बी घ्या.

रोग लपवून आपली कोळंबी वाचत नाही, शेजाऱ्याची मात्र जाते. खाडी आपल्या सगळ्यांची एकच आहे.