होडीला इंजिन कोणतं लावावं?

प्रश्न : आमचं गाव मुरबाड तालुक्यात आहे. जुलै २०१९ मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणीजवळ पुरात अडकली, तेव्हा बचावपथकाच्या रबरी होड्यांना मागे टांगलेली इंजिनं आम्ही टीव्हीवर पाहिली. तेव्हापासून माझ्या पुतण्याला त्या इंजिनांचं वेड लागलं आहे. आता तो आणि त्याचे इंजिनिअरिंगचे मित्र छोट्या मोटरबोटींच्या शर्यतीत उतरायचं म्हणताहेत. त्याचं म्हणणं, पैसे पुरतील तेवढं मोठं इंजिन घ्यावं, वेग आपोआप येतो. पण मुंबईला शर्यत झाली तेव्हा सगळ्या बोटींना सारखंच इंजिन होतं, असं मी वाचलं होतं. सगळ्यांचं इंजिन सारखंच असेल तर निवडायचं काय? आणि सरावासाठी बारवी किंवा भातसाचं धरण चालेल का?

उत्तर : तुम्ही वाचलंत ते बरोबर आहे. मार्च २०१७ मध्ये मरीन ड्राइव्हसमोरच्या समुद्रात ‘पी-वन’ पॉवरबोटींची शर्यत झाली. तिथे प्रत्येक संघाकडे तीच २८ फुटी बोट आणि तेच २५० अश्वशक्तीचं इंजिन होतं. हा योगायोग नव्हता, नियमच तसा होता. पैसेवाल्याने मोठं इंजिन लावून शर्यत विकत घेऊ नये, चालवणाऱ्याचं कसब दिसावं, म्हणून हा खेळ ‘क्लास’मध्ये वाटलेला आहे. पुतण्याने इंजिनापासून सुरुवात केली आहे. सुरुवात क्लासपासून करायला हवी.

आधी हे इंजिन म्हणजे काय ते पाहू. त्याला आउटबोर्ड मोटर म्हणतात. लष्कर, बचावपथकं आणि आपले मच्छीमार नुसतं ‘ओबीएम’ म्हणतात. वर इंजिन, मधून खाली जाणारा उभा दांडा, तळाशी गिअर आणि पंखा, असं सगळं एकाच साच्यात असतं आणि ते होडीच्या मागच्या फळीला दोन स्क्रूंनी किंवा बोल्टांनी आवळतात. अख्खं इंजिन वळवलं की होडी वळते, वेगळं सुकाणू लागत नाही. अमेरिकेत ओल एव्हिनरूड याने १९०९ मध्ये अशी इंजिनं विकायला सुरुवात केली. तेव्हापासून मूळ मांडणी फारशी बदललेली नाही. बचावाच्या होडीवरचं आणि शर्यतीच्या होडीवरचं इंजिन पुष्कळदा एकाच जातीचं असतं. फरक कशात असतो, ते पुढे येईलच.

मोटरबोट शर्यतींचे जागतिक नियम ‘यूआयएम’ ही संघटना ठरवते. ती १९२२ मध्ये बेल्जियममध्ये स्थापन झाली. तिच्या नियमांत किशोरांसाठी जीटी-१५ आणि जीटी-३० हे क्लास आहेत, म्हणजे अनुक्रमे १५ आणि ३० अश्वशक्तीची, कारखान्यातून आली तशीच इंजिनं. त्यावर फॉर्म्युला-४ मध्ये ६० अश्वशक्तीचं फोर-स्ट्रोक. ‘थंडरकॅट’ नावाच्या, दोन हवाभरल्या नळ्यांच्या छोट्या बोटी असतात, त्यांना साधारण ५० अश्वशक्तीचं टू-स्ट्रोक इंजिन लावून दोघं जण शर्यत करतात. सगळ्यात वर फॉर्म्युला-१. नोव्हेंबर २०१८ मध्ये या बोटी आंध्रातल्या अमरावतीला कृष्णा नदीत धावल्या, त्यांची इंजिनं सुमारे ४०० अश्वशक्तीची. पुतण्याने ज्या शर्यतीत उतरायचं त्या आयोजकांकडून आधी नियमपुस्तक मागवावं. त्यात इंजिनाची ताकद, सिलिंडरचं आकारमान, होडी आणि माणसं मिळून किमान वजन, काय बदलता येतं आणि काय नाही, हे सगळं लिहिलेलं असतं. पुष्कळ क्लासमध्ये ते वाचून झालं की इंजिनाची निवड दोन-तीन मॉडेलांवर येऊन ठेपते.

आता ‘मोठं इंजिन, मोठा वेग’ या समजुतीकडे वळू. ती अर्धीच खरी आहे. वेगाने जाणारी होडी पाणी कापत नाही, पाण्यावर उचलली जाऊन घसरत जाते. अशा होडीचा वेग ताकदीच्या सरळ पटीत वाढत नाही. जॉर्ज क्राउच या अमेरिकन नौका-रचनाकाराचं सूत्र अजून वापरात आहे : ताकद भागिले वजन, आणि त्याचं वर्गमूळ, त्या प्रमाणात वेग. ३० अश्वशक्तीवर ताशी ४५ किलोमीटर धावणाऱ्या होडीला ६० अश्वशक्तीचं इंजिन लावलं, तर वेग ९० होत नाही. वजन तेच राहिलं असं मानलं तरी जेमतेम ६३-६४ होतो. आणि वजन तेच राहत नाही. मोठं इंजिन तीस-चाळीस किलोंनी जड असतं, आणि ते सगळं वजन होडीच्या अगदी शेवटच्या टोकाला येतं. छोट्या होडीचा मागचा भाग त्याने बसतो, पुढची नाळ हवेत उठते, आणि वळणावर किंवा लाटेवर होडी उलटायची भीती वाढते. म्हणून होडीवर जास्तीत जास्त अश्वशक्तीची जी मर्यादा लिहिलेली असते, ती ओलांडू नये.

याच सूत्रात एक स्वस्त उपाय दडलेला आहे. वजन कमी केलं तरी वेग वाढतो. किमान वजनाच्या मर्यादेपर्यंत होडी हलकी करणं, जास्तीचं पेट्रोल न नेणं, तळाशी साचलेलं पाणी उपसून टाकणं, या गोष्टींना पैसे लागत नाहीत.

इंजिन ठरलं तरी खरी निवड पुढेच आहे, ती पंख्याची. नवखे लोक इथेच सगळ्यात कमी लक्ष देतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. पंख्यावर दोन आकडे असतात : व्यास आणि पिच. पिच म्हणजे पंखा एका फेऱ्यात पाण्यातून किती पुढे सरकायला हवा ते अंतर, इंचांत. समजा इंजिन मिनिटाला ५,५०० फेरे घेतं आणि तळाचा गिअर तो वेग निम्मा करतो. पंख्याला मिळतात २,७५० फेरे. पिच १४ इंच, म्हणजे साडेपस्तीस सेंटिमीटर असेल, तर हिशेबाने मिनिटाला सुमारे ९७८ मीटर, ताशी ५८-५९ किलोमीटर. पाणी काही घट्ट नाही, पंखा त्यात थोडा घसरतो. ही घसर १५ टक्के धरली, तर हाती ताशी ५० उरतात.

पिच वाढवला की वेग वाढेल असं इथे वाटतं, पण इंजिनाला तो पेलला पाहिजे. माळशेज घाटात एस. टी. चा ड्रायव्हर टॉप गिअर धरून बसत नाही, गाडी धापा टाकू लागते. जास्त पिचचा पंखा म्हणजे तोच टॉप गिअर. बचावाच्या होडीत दहा माणसं भरायची असतात, म्हणून तिला कमी पिचचा पंखा लावतात. शर्यतीच्या हलक्या होडीला जास्त पिच चालतो. इंजिन एकाच जातीचं असूनही दोन होड्या इतक्या वेगळ्या वागतात, त्याचं एक मोठं कारण हा पंखाच.

योग्य पंखा ओळखायचा कसा? इंजिनाच्या पुस्तिकेत पूर्ण थ्रॉटलवर किती फेरे यायला हवेत ते दिलेलं असतं, बऱ्याच छोट्या फोर-स्ट्रोकसाठी ते ५,००० ते ६,००० असतं. होडीला फेरे मोजणारं मीटर लावा. शर्यतीत असतील तेवढी माणसं आणि तेवढंच पेट्रोल घेऊन सपाट पाण्यावर पूर्ण थ्रॉटल द्या. काटा ४,६०० ला अडकला, तर पिच जास्त आहे. इंजिन दमतंय आणि ते लवकर बिघडेल. काटा ६,००० च्या वर पळू पाहत असेल, तर पिच कमी आहे. एक इंच पिच बदलला की साधारण १५० ते २०० फेऱ्यांचा फरक पडतो. ४,६०० वर अडकलेलं इंजिन दोन-तीन इंच कमी पिचच्या पंख्यावर ठीक चालायला लागतं. म्हणून सगळे पैसे इंजिनावरच संपवू नका, दोन-तीन पंख्यांसाठी बाजूला ठेवा.

त्यानंतर येते उंची. इंजिनाचा दांडा साधारण १५, २० किंवा २५ इंचांचा मिळतो आणि तो होडीच्या मागच्या फळीच्या उंचीशी जुळायला हवा. शर्यतीवाले इंजिन थोडं वर उचलून बसवतात, कारण पाण्यात बुडालेला धातूचा भाग जितका कमी तितका अडथळा कमी. पण फार वर घेतलं तर पंखा पृष्ठभागावरची हवा ओढतो, फेरे एकदम चढतात आणि होडी मात्र पुढे जात नाही. याला सर्रास ‘कॅव्हिटेशन’ म्हणतात, ते चूक आहे. कॅव्हिटेशनमध्ये बाहेरची हवा येतच नाही. पात्याच्या पाठीमागे दाब इतका उतरतो की थंड पाणीच वाफ होतं, आणि ते वाफेचे बुडबुडे फुटताना पात्याला खड्डे पाडतात. उंची चुकली की हवा येते, पात्याची कड वाकडी झाली की पाण्याची वाफ होते. दोन दुखणी, दोन औषधं. पहिल्यात इंजिन अर्धा-एक इंच खाली घ्यायचं, दुसऱ्यात पंखा दुरुस्त करायचा किंवा बदलायचा. इंजिन वर घेताना आणखी एक गोष्ट पाहायची : थंडाव्यासाठी पाणी ओढणारी छिद्रं पाण्याखालीच राहिली पाहिजेत. चालू इंजिनाच्या मागून पाण्याची बारीक धार सतत पडत असते. ती तुटली की ताबडतोब इंजिन बंद करावं. गाळ भरलेल्या पाण्यात हे पाणी ओढणारा आतला रबरी इम्पेलर फार लवकर झिजतो.

टू-स्ट्रोक घ्यावं की फोर-स्ट्रोक, हे क्लास ठरवत नसेल तरच तुम्ही ठरवायचं. ४० अश्वशक्तीचं साधं टू-स्ट्रोक ७०-७५ किलोंच्या घरात असतं, त्याच ताकदीचं फोर-स्ट्रोक ९५ किलोंच्या पुढे. टू-स्ट्रोक हलकं, झटकन फेरे घेणारं आणि उघडायला सोपं. फोर-स्ट्रोक पेट्रोल कमी पितं, धूर कमी करतं. नव्या मुलांनी फोर-स्ट्रोकवर सुरुवात करावी असं माझं मत आहे. जुनं टू-स्ट्रोक स्वस्तात मिळतं खरं, पण ते पेट्रोलचा पाव हिस्सा न जाळताच बाहेर टाकतं.

टू-स्ट्रोक घेतलंच, तर त्यात स्कूटरचं ‘टूटी’ तेल ओतू नका. ही चूक आपल्याकडे सर्रास होते. ओबीएम पाण्याने थंड होतं, स्कूटरइतकं तापत नाही. म्हणून त्याला राख न उरणारं वेगळं तेल लागतं, डब्यावर ‘टीसी-डब्ल्यू-३’ असं लिहिलेलं. आणि पेट्रोलचंही पाहा. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, तर बहुतेक ओबीएमच्या पुस्तिका १० टक्क्यांपर्यंतच परवानगी देतात. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. शहापूर-मुरबाडच्या पावसाळ्यात अर्धी भरलेली टाकी महिनाभर ठेवली, तर पाणी आणि इथेनॉल तळाशी वेगळं बसतं आणि तेच आधी इंजिनात जातं. टाकीत पेट्रोल साठवू नका, लागेल तेवढंच ताजं आणा आणि पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवा.

जुनं इंजिन घेणार असाल तर दोन गोष्टी स्वतः तपासा. प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन गेजने मोजून घ्या. त्यांच्यात दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर सोडून द्या. तळाच्या गिअरबॉक्सचा स्क्रू सैल करून थोडं तेल बोटावर घ्या. ते दुधासारखं पांढरट असेल तर सील फुटून आत पाणी शिरलेलं आहे. आणि ब्रँड? ज्याचे सुटे भाग आणि मेकॅनिक मुंबईत, वसईत किंवा अलिबागकडे मिळतात तो. एव्हिनरूडसारख्या शंभर वर्षांच्या नावाचं उत्पादनसुद्धा २०२० मध्ये थांबलं, तेव्हा नुसत्या नावावर जाऊ नका. एक गोष्ट मात्र प्रत्येक इंजिनावर हवीच : ‘किल स्विच’ची दोरी. चालवणारा पाण्यात पडला की ती सुटते आणि इंजिन बंद होतं. नाहीतर रिकामी होडी गोल फिरून पडलेल्या माणसावरच येते.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. बारवी धरण एमआयडीसीचं, भातसा जलसंपदा विभागाचं, तानसा आणि मोडकसागर मुंबई महापालिकेची. तानसा तर अभयारण्यात आहे. या सगळ्या पाण्याचं तहान भागवण्याचं काम ठरलेलं आहे. परवानगीचा प्रश्न आहेच, पण माझा विरोध त्याच्याही आधीचा आहे. पिण्याच्या पाण्यात पेट्रोल आणि तेल सोडणारं इंजिन, तेही सरावासाठी शेकडो वेळा फिरवलेलं, तिथे नसावं. शहापूर तालुक्यातल्या कितीतरी गावपाड्यांना ही धरणं उशाशी असूनही उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. त्या लोकांसमोर त्याच पाण्यावर शर्यतीचा सराव करणं बरं दिसत नाही. पुतण्याला सांगा, सराव खाडीत किंवा समुद्रात करा. त्यासाठी महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाकडे चौकशी करा, होडीची नोंदणी आणि परवाना काय लागतो ते लेखी घ्या. आणि पहिल्या दिवशी पाण्यात उतरताना लाइफ जॅकेट अंगावर आणि किल स्विचची दोरी बांधलेली असल्याशिवाय इंजिन सुरू करू नका.