माणशी अर्धा एकर

१९७२ चा दुष्काळ आपल्या पिढीने पाहिला नाही, नुसता ऐकला. त्या दुष्काळाने पुण्यातील अभियंते-कारखानदार विलासराव साळुंखे यांना पुरंदर तालुक्यात नेले. नायगावच्या देवस्थानची ४० एकर माळजमीन खंडाने घेऊन त्यांनी बांधबंदिस्ती केली, पाझर तलाव बांधला आणि अडवलेल्या पावसावर काय पिकते ते स्वतः शेती करून अजमावले. या प्रयोगातून, गावकऱ्यांना बरोबर घेऊन, जी व्यवस्था उभी राहिली तीच 'पाणी पंचायत'.

तिचे नियम मुळातून पाहण्याजोगे आहेत. पाणी जमिनीच्या मापाने नव्हे, घरातील माणसे मोजून द्यायचे : माणशी अर्धा एकर भिजेल इतके, कुटुंबाला फार तर अडीच एकर. उपसा योजनेच्या खर्चाचा २० टक्के वाटा लाभधारकांनी उचलायचा. ऊस लावायचा नाही. (बागायतदारांना हेच जड जाणार!) जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. आणि भूमिहीनालाही पाण्यात वाटा.

हा शेवटचा नियम मी ग्रंथालयात दोनदा वाचला. आमच्या घरी गुंठाभर जमीन नाही. वडील दुसऱ्याच्या उसाला पाणी देतात. कोणत्या सरीत पाणी किती वेळ मुरते हे त्यांच्याइतके मालकालाही ठाऊक नसेल. पण 'लोकसहभाग' म्हणताना आपण बहुधा सातबाऱ्यावरची नावेच मोजतो. बिनजमिनीचा माणूस पाण्याचे करणार काय, असे कोणी विचारील. तो दुसऱ्याचे शेत वाट्याने करील. मात्र वाटा ठरवायला बसताना पाणी त्याचे असेल.