गाण्याला मत, मताला पैसे

दूरचित्रवाणीवरील गायनस्पर्धा वरकरणी एकच दिसत असली, तरी तिच्या पोटात दोन निराळ्या स्पर्धा चाललेल्या असतात. एक गळ्यांची, जिचा निकाल परीक्षक देतात, आणि दुसरी पाठीराख्यांची, जिचा निकाल मोबाइलवर लागतो. १९९५ मध्ये झी वाहिनीवर सुरू झालेल्या हिंदी ‘सा रे ग म’च्या आरंभीच्या पर्वांत ही दुसरी स्पर्धा नव्हती, सोनू निगम सूत्रसंचालन करीत, संगीतातले जाणकार गुण देत आणि प्रेक्षक घरी बसून त्या गुणांशी सहमत होत किंवा कुरकुरत. २००१ मध्ये ब्रिटनमध्ये ‘पॉप आयडॉल’ आले, त्याच साच्यावर २००४ मध्ये ‘इंडियन आयडॉल’ आले, आणि कोण राहणार व कोण घरी जाणार हे ठरवण्याचा अधिकार परीक्षकांकडून प्रेक्षकांच्या लघुसंदेशांकडे, म्हणजे एसेमेसकडे, गेला. मार्च २००५ मध्ये मुंबईचा अभिजीत सावंत या पद्धतीने पहिला विजेता ठरला, तेव्हा ‘जनतेने निवडलेला गायक’ ही कल्पना मराठी घरांतही रुजली. या बदलाचा नेमका अर्थ काय, हे मुलाला किंवा मुलीला स्पर्धेला पाठवणाऱ्या पालकांनी आधीच समजून घेतलेले बरे, कारण तो नंतर समजतो तेव्हा त्याची किंमत मोजून झालेली असते.

या मतदानाला निवडणुकीची उपमा देण्याची पद्धत आहे. ती उपमा फसवी आहे. निवडणुकीत एका माणसाला एक मत असते, तर लघुसंदेशांच्या काळात एकाच क्रमांकावरून अनेक मते देता येत आणि ज्याच्या खात्यात शिल्लक अधिक त्याचा आवाज मोठा ठरे. शिवाय येथे कोणाच्या विरोधात मत देण्याची सोय नसते, त्यामुळे लाखो लोकांना बऱ्यापैकी आवडणारा गायक मागे पडतो आणि थोड्याच लोकांना प्राणापलीकडे प्रिय असलेला पुढे जातो, कारण ‘बऱ्यापैकी आवडणे’ या भावनेतून कोणी रात्री साडेदहाला मोबाइल हातात घेत नाही. २००५ च्या ‘फेम गुरुकुल’ या कार्यक्रमातून प्रेक्षकांच्या मतांअभावी अंतिम फेरीपूर्वीच बाहेर पडलेल्या मुलाचे नाव अरिजित सिंग होते, एवढे सांगितले तरी या गणिताची कल्पना यावी.

मतांना भूगोलही असतो. सिलचरचा देबोजित साहा ‘सा रे ग म प चॅलेंज २००५’चा विजेता झाला, त्यामागे त्याच्या गाण्याबरोबरच आसामातून झालेली मतांची मोहीम होती. पण या भूगोलाचे सर्वांत ठळक, आणि काहीसे भीतिदायक, उदाहरण २००७ च्या ‘इंडियन आयडॉल’चे आहे. कोलकाता पोलिसांत शिपाई असलेला दार्जिलिंगचा प्रशांत तमांग आणि शिलाँगचा अमित पॉल हे दोघे अंतिम फेरीत समोरासमोर आले. शिलाँगमध्ये आदिवासी आणि बिगरआदिवासी यांच्यातील जुना दुरावा विसरून लोक पॉलच्या मागे उभे राहिले. दार्जिलिंगच्या डोंगरात गोरखा समाजाने तमांगसाठी वर्गण्या काढल्या. २३ सप्टेंबर रोजी तमांग विजयी झाला, त्यानंतर काही दिवसांतच एका रेडिओ निवेदकाच्या टिंगलीवरून सिलिगुडीत हिंसाचार उसळला, आणि तमांगसाठीच्या मोहिमेत पुढे असलेले बिमल गुरुंग यांनी ऑक्टोबरात गोरखा जनमुक्ती मोर्चा स्थापन केला. गाण्याच्या स्पर्धेसाठी बांधलेली माणसांची फळी वेगळ्या राज्याच्या मागणीसाठी जशीच्या तशी उपयोगी पडली, याचाच अर्थ ती मुळात गाण्याची फळी नव्हती. युरोपातील ‘युरोव्हिजन’ या जुन्या गीतस्पर्धेत हा धोका ओळखून स्वतःच्या देशाला मत देण्यास बंदी आहे, आणि २००९ च्या अंतिम फेरीपासून प्रेक्षकांच्या मतांबरोबर जाणकारांच्या मंडळालाही निम्मे वजन देण्यात आले. आपल्याकडे मात्र आपल्या जिल्ह्याच्या मुलाला मत देऊ नये, असे कोणी सुचवले तर त्यालाच गावाबाहेर काढतील.

प्रस्तुत लेखक हे सर्व तटस्थ निरीक्षक म्हणून सांगत नाही. लघुसंदेशांच्या त्या काळात त्याची बारा वर्षांची पुतणी एका वाहिनीच्या बालगायन स्पर्धेत निवडली गेली, आणि सातारा जिल्ह्यातील एका लहान गावातले त्याचे एकत्र कुटुंब सात आठवडे त्या मतांच्या मागे धावले. मतांचा हिशेब ठेवण्याचे काम लेखकाकडे होते. ओसरीवर सतरंजी अंथरून नऊ मोबाइल मांडलेले असत, शेजारी सव्वीस सिमकार्डांचा पत्र्याचा डबा, आणि शंभर पानी वहीत प्रत्येक कार्डापुढे पाचपाचच्या जुडीने उभ्या-आडव्या रेघा. संदेश गेला की ‘आपले मत नोंदवले आहे’ असे उत्तर येई आणि चुलत भाऊ ‘गेलं’ म्हणून ओरडे; मग एक रेघ. प्रत्येक संदेशाला तीन रुपये पडत. अशा संदेशांचा दर नेहमीच्या दरापेक्षा जास्त असे आणि त्यातून येणारा पैसा मोबाइल कंपनी व कार्यक्रमाशी संबंधित इतरांत वाटला जाई, ही गोष्ट घरात कोणालाच ठाऊक नव्हती. पैसे पुतणीला दिले जात आहेत, अशीच आजीची शेवटपर्यंत समजूत होती.

सातव्या आठवड्यात पुतणी फार सुंदर गायली. परीक्षकांनी उभे राहून दाद दिली, आणि नेमकी तीच तिला भोवली, कारण ‘आता तिला काय धोका आहे’ असे म्हणून तालुक्यातले लोक निर्धास्त झाले. या प्रकाराला सुरक्षित उमेदवाराचा तोटा म्हणता येईल. ज्याचे स्थान पक्के वाटते त्याची मते धोक्यात दिसणाऱ्याकडे वळतात किंवा मुळीच पडत नाहीत. त्यातच त्या रात्री गावात भारनियमन होते. ट्रॅक्टरच्या बॅटरीला तारा जोडून तीन मोबाइल जिवंत ठेवले गेले, बाकीचे एकेक करून बंद पडले, आणि वहीच्या त्या पानावर जेमतेम चार ओळी भरल्या. पुढच्या आठवड्यात पुतणी बाहेर पडली. ज्या गाण्याला दाद मिळाली होती ते पाच दिवस आधीच चित्रित झाले होते, हे उघड झाल्यावर काकूने विचारलेला प्रश्न अगदी रास्त होता: मग ‘लाइव्ह’ म्हणजे काय? या कार्यक्रमांत बहुतेक वेळा गाणे आधी ध्वनिचित्रमुद्रित होते, प्रसारणानंतर ठरावीक तासांची मतदानाची मुदत सुरू होते, आणि खरोखर थेट असतो तो फार तर अंतिम सोहळ्याचा निकाल.

सात आठवड्यांत मतांवर बेचाळीस हजार आणि फ्लेक्स, प्रवास, कपडे यांवर सोळा हजार असे एकूण अठ्ठावन्न हजार रुपये गेले, त्यांतील तीस हजार पतसंस्थेचे होते. चौकातल्या फ्लेक्सने पुढचे दोन पावसाळे कडब्याची गंज झाकली.

पैशापेक्षा मोठी चूक कागदावर झाली होती. निवड झाल्याच्या दिवशी इंग्रजीतला चौदा पानी करार समोर आला. मूल अज्ञान असल्याने, म्हणजे अठरा वर्षांखालील असल्याने, वडिलांनी सही केली आणि साक्षीदार म्हणून प्रस्तुत लेखकाने, दोघांनीही न वाचता. वाहिनीच्या लेखी परवानगीवाचून एक वर्ष अन्यत्र सार्वजनिक गायन करता येणार नाही, असे एक कलम त्यात होते. त्यामुळे स्पर्धेबाहेर पडल्यावर, ज्या काळात तिचे नाव लोकांच्या तोंडी होते त्याच काळात, गणेशोत्सवाची चार निमंत्रणे परत करावी लागली. अशा अनन्यतेच्या कलमाची मुदत बाहेर पडल्याच्या दिवसापासून मोजायची की पर्व संपल्यापासून, आणि गुरूंच्या घरचा गुरुपौर्णिमेचा कार्यक्रम ‘सार्वजनिक’ ठरतो की नाही, हे दोन प्रश्न सही करण्यापूर्वी विचारले पाहिजेत. करार वकिलाला दाखवण्यासाठी दोन दिवस मागून घेण्यात कसलाही कमीपणा नाही. दोन दिवसांत बाद करण्याइतकी किरकोळ निवड असेल, तर ती तशीही टिकणार नसते.

मुलांच्या बाबतीत आता कायद्याचे बळ आहे, जे त्या वेळी नव्हते. बालकामगारविषयक कायद्यात २०१६ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर २०१७ मध्ये आलेल्या नियमांनुसार चौदा वर्षांखालील बालकलावंताकडून दिवसाला पाच तासांहून अधिक आणि विश्रांतीवाचून सलग तीन तासांहून अधिक काम करून घेता येत नाही. निर्मात्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते, सलग सत्तावीस दिवसांपेक्षा अधिक काम देता येत नाही, आणि मुलाच्या उत्पन्नातील किमान वीस टक्के रक्कम त्याच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत ठेवावी लागते. हे नियम सेटवर कोणी आपणहून वाचून दाखवत नाही. सकाळी नऊला बोलावलेले मूल रात्री अकराला गाते तेव्हा मधले तास ‘काम’ नव्हतेच, ते नुसते थांबले होते, असे सांगितले जाते. पालकांनी येण्याजाण्याच्या वेळा रोज लिहून ठेवाव्यात आणि विचारणा करताना ते पान पुढे करावे. वयात येणाऱ्या मुलाचा आवाज फुटत असताना वरच्या पट्टीतली गाणी रेटून गाऊन घेतली जात असतील, तर तेथे नियमापेक्षा गुरूचे मत महत्त्वाचे आणि ते ऐकून माघार घ्यावी.

गाण्याआधी दाखवल्या जाणाऱ्या चित्रफितीबद्दलही थोडे सांगणे आवश्यक आहे. धंद्याच्या भाषेत तिला ‘एव्ही’ म्हणतात. तीत स्पर्धकाचे घर, आईचे डोळे, वडिलांची सायकल असे काय काय येते, आणि मते बव्हंशी तिच्यावर पडतात. पुतणीच्या एव्हीसाठी चांगले पक्के घर सोडून गोठ्याची भिंत निवडली गेली होती. घरातील आजारपण, कर्ज किंवा मृत्यू यांपैकी काय दाखवू द्यायचे नाही हे कुटुंबाने आधी आपापसांत ठरवावे, कारण कॅमेरा समोर असताना नाही म्हणणे जमत नाही.

जिंकणाऱ्यांसाठी एक रूक्ष सूचना. अशा स्पर्धेतील बक्षिसावर सरसकट तीस टक्के दराने आयकर आणि वर उपकर लागतो, त्यातून कसलीही वजावट मिळत नाही. बक्षीस मोटारगाडीसारखे वस्तुरूप असेल, तर ती हाती पडण्यापूर्वी कर भरला गेला पाहिजे, आणि ती रोकड अनेकदा विजेत्यालाच उभी करावी लागते.

हरणाऱ्यांविषयी मात्र अधिक आशेने लिहिता येते. झी मराठीवरील ‘लिटिल चॅम्प्स’च्या पर्वात फेब्रुवारी २००९ मध्ये आळंदीची कार्तिकी गायकवाड विजेती ठरली, पण आर्या आंबेकर, प्रथमेश लघाटे, मुग्धा वैशंपायन आणि रोहित राऊत हे उरलेले चौघेही तितकेच घराघरांत पोहोचले आणि ‘पंचरत्न’ हे नाव पाचांनाही मिळाले. अंतिम मतांचा आकडा आज कोणाला आठवत नाही. आता लघुसंदेशांची जागा बव्हंशी वाहिन्यांच्या मोफत अ‍ॅपनी घेतली असून एका खात्यावरून किती मते देता येतील यावर मर्यादाही असते, तरी मते गोळा करून देणारे दलाल, उसन्या क्रमांकांची खाती आणि आमदारांच्या फोटोंचे फ्लेक्स यांचा मोह गेलेला नाही. प्रत्येकाने आपल्या मोबाइलवरून आपले मत द्यावे आणि झोपावे. त्यापलीकडचा एकही रुपया मतांसाठी काढू नये, पतसंस्थेतून तर नाहीच.

पुतणी आज साताऱ्यात गाणे शिकवते. रेघांची ती शंभर पानी वही तिच्याच कपाटात आहे, आणि ज्या पालकांच्या घरी निवडीचे पत्र आले असेल त्यांनी सही करण्यापूर्वी ती अवश्य मागून न्यावी.