पुसलेला ई-मेल आणि आमची रोजकीर्द

तिगावसारख्या गावीही आता तुरीचा वा मक्याचा सौदा फोनवर ठरतो आणि मागाहून ई-मेलने पक्का होतो. पुढे ओलाव्याच्या कपातीवरून तंटा उभा राहिला म्हणजे तोच मेल हवा असतो, आणि नेमका तोच मुनीमजींनी जागा व्हावी म्हणून पुसलेला असतो. अशा वेळी काय करता येते, हे व्यापारी बंधूंपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंजसारख्या व्यवस्थेत पत्रे सुटी नसतात. सर्व एका डेटाबेसात, म्हणजे जणू बांधीव खतावणीत, असतात. पत्र पुसल्याने पान फाटत नाही. ते प्रथम 'डिलीटेड आयटम्स'मध्ये जाते, तेथूनही काढल्यास एका अदृश्य कप्प्यात राहते. त्याची ठरीव मुदत १४ दिवस; मायक्रोसॉफ्टच्या भाड्याच्या सेवेत व्यवस्थापकास ती ३० दिवसांपर्यंत वाढविता येते. जीमेलची कचरापेटी ३० दिवसांनी रिकामी होते. गूगलच्या व्यावसायिक सेवेत त्यानंतर व्यवस्थापकास आणखी २५ दिवस मिळतात.

मुदत टळल्यावर आधार उरतो तो बॅकअपचा. डेटाबेसातील प्रत्येक बदल आधी 'लॉग'मध्ये, म्हणजे रोजकीर्दीत, लिहिला जातो व मग खतावणीत चढतो. म्हणून जुन्या खतावणीवर पुढील रोजकीर्द पुन्हा उतरविली की नंतरचा हिशेब उभा राहतो. मात्र हे काम चालू डेटाबेसावर करावयाचे नसते. वेगळ्या डेटाबेसात करून हवे तेवढेच पत्र काढून घ्यावयाचे. काही ठिकाणी जागा वाचविण्यासाठी लॉगची जुनी पाने पुसून पुन्हा वापरतात. आमच्या मते कोणताही शहाणा सावकार ही काटकसर मान्य करणार नाही. बॅकअपनंतर आलेले आणि मुदत संपून गेलेले पत्र मग मिळत नाही.

आता कायदा पाहा. केंद्रीय जी. एस. टी. कायदा, २०१७ याच्या ३६ व्या कलमाप्रमाणे नोंदणीकृत व्यापाऱ्याने हिशेब व कागदपत्रे वार्षिक विवरणाच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावयाची आहेत. नियम ५६ प्रमाणे संगणकावरील नोंद बदलली वा पुसली तर तिचाही लॉग हवा, आणि नियम ५७ प्रमाणे बॅकअप असा हवा की, अपघाताने नोंदी नष्ट झाल्यास त्या वाजवी काळात पुन्हा उभ्या करता याव्यात. ३० दिवस आणि ७२ महिने यांचा मेळ मेल-व्यवस्था आपण होऊन घालीत नाही. यास्तव मेलने आलेले बिल त्याच दिवशी काढून, वर्षवार, वेगळ्या डिस्कवर ठेवावे. आणि दिवाळीच्या वहीपूजनापूर्वी बॅकअपमधून एखादे पुसलेले पत्र मुद्दाम परत आणून पाहावे.