धान्यकोठारातील मांजर : पिल्लांची भूक व खाणे



सुगी आटोपून पोती-कणग्या भरल्या की उंदरांचा उपद्रव वाढतो आणि मांजराची आठवण होते. कोणाकडून तरी पिल्लू आणले जाते. त्याच्या खाण्याचा विचार मात्र सहसा होत नाही. उलट, 'पोटभर खाल्लेले मांजर उंदीर मारीत नाही' असे सांगितले जाते. हा समज सोडून द्यावा. इंग्लंडमधील प्राणिशास्त्रज्ञ चार्ल्स एल्टन यांनी १९५३ मध्ये शेतावरील मांजरांविषयी निरीक्षणे प्रसिद्ध केली. इतर उपायांनी उंदीर आधी काढून टाकले आणि मांजरांना घरचे खाणे चालू ठेवले, तर मांजरे तेथेच राहतात व उंदरांना पुन्हा शिरकाव करू देत नाहीत, असे त्यांना आढळले. उपाशी मांजर पोटासाठी दूर भटकते, मग कोठार कोण राखणार?

पिल्लू जन्मतः सुमारे १०० ग्रॅम वजनाचे असते व रोज साधारण १० ते १५ ग्रॅम वाढते. चौथ्या आठवड्यापासून ते मऊ अन्न चाटू लागते. तरी आठ आठवड्यांपूर्वी त्याला आईपासून तोडू नये. या काळात आई प्रथम मेलेली, पुढे अर्धमेली शिकार पिल्लांपुढे आणून टाकते. त्यातून ती शिकार शिकतात. म्हणून पिल्लू निवडताना रंग पाहण्यापेक्षा आई उंदीर धरणारी आहे का, हे विचारावे.

पिल्लाचे पोट लहान असते. त्यामुळे सुरुवातीला दिवसातून चार-पाच वेळा थोडे थोडे खाऊ घालावे. दूध-भाकरीवर मांजर जगते असे आपण धरून चालतो, पण गाई-म्हशीच्या दुधाने अनेक पिल्लांना हगवण लागते आणि भाकरीत त्याला लागणारी प्रथिने पुरेशी नसतात. मांजर मूळचे मांसाहारी. टॉरिन नावाचा घटक त्याच्या शरीरात पुरेसा तयार होत नाही, तो मांसातूनच मिळतो. तो कमी पडल्यास डोळे व हृदय निकामी होऊ शकते. शिजवलेले मासे किंवा कोंबडीचे मांस काटे-हाडे काढून, बारीक करून, कोमट द्यावे. कांदा-लसूण घातलेला रस्सा देऊ नये. माळकरी घरांत मांस शिजत नसेल, तर पिल्लांसाठीचे तयार कोरडे खाद्य भिजवून द्यावे. ताज्या पाण्याची वाटी वेगळी ठेवावी.

मांजर वासावर खाते. सर्दीने नाक चोंदले की पिल्लू अन्नाला तोंड लावत नाही. अशा वेळी नाक ओल्या कापसाने पुसावे व अन्न किंचित गरम करावे. दूध नुकतेच तुटलेले पिल्लू बारा तास काहीच खात नसेल, तर पशुवैद्यकास दाखवावे. एवढ्या लहान जिवाला उपवास झेपत नाही. याउलट भूक भरपूर, पोट नगारा आणि अंग मात्र वाळलेले असेल, तर जंत समजावेत. गोल जंत आईच्या दुधातूनही येतात आणि त्यांची अंडी मातीतून लहान मुलांच्या पोटात जाऊ शकतात. औषधाची मात्रा वजनानुसार पशुवैद्यकाकडूनच ठरवून घ्यावी.

कोठारात झिंक फॉस्फाईड किंवा ब्रोमॅडिओलोनचे आमिष ठेवायचे असेल, तर पिल्लू आणण्यापूर्वीच ते काम उरकावे. विष खाल्लेला उंदीर खाऊन मांजरही दगावू शकते. मेलेले उंदीर रोज सकाळी गोळा करून खोल पुरावेत आणि उरलेले आमिष काढल्याशिवाय मांजराला तिकडे सोडू नये.