छपराची निगा आणि विम्याचा दावा

मराठीत ‘शाकारणे’ असे एक अर्थपूर्ण क्रियापद आहे. मृग लागण्यापूर्वी छपरावर चढावयाचे, फुटकी कौले बदलावयाची, सरकलेली नीट बसवावयाची, गवताचे छप्पर असल्यास नवे गवत घालावयाचे. ह्या साऱ्या खटाटोपास तो एकच शब्द पुरतो. शिंद्यांच्या फौजेबरोबर दक्षिणेतून जी मराठी कुटुंबे उत्तरेस आली, त्यांच्या बोलीबरोबर हा शब्दही येथे आला असला पाहिजे. परंतु दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या दक्षिणेस तळ दिला आणि त्या तळाचेच पुढे ‘लष्कर’ हे शहर झाले, तेव्हा येथल्या घरांवर कौलांऐवजी येथलाच वालुकाश्म चढला. लाकडी तुळयांवर किंवा पुढील काळात लोखंडी गर्डरांवर लांब दगडी पट्ट्या, ज्यांस आपण येथे ‘पटिया’ म्हणतो; त्यांवर चुन्याचा कोबा; आणि भोवती कठडा. जुन्या लष्करातील गच्ची ती हीच. दगड शाकारावा लागत नाही. त्यामुळे तो शब्द मागे पडला, आणि त्याबरोबर वर्षातून एकदा डोक्यावरचे छप्पर बारकाईने पाहण्याची सवयही मागे पडली, असे मला वाटते.

त्या सवयीच्या जागी आता काही घरांत एक नवा भरवसा आला आहे. ‘घराचा विमा उतरविला आहे, मग काळजी कशाची?’ हा भरवसा अर्धाच खरा आहे. वादळाने घर मोडले तर विमा कंपनी भरपाई देते. पण घर वादळाने मोडले की ते आधीच मोडत आले होते, हा प्रश्न ती प्रथम विचारते. आणि त्याचे उत्तर बहुधा छपरावरच सापडते.

हा प्रश्न कंपनीच्या कंजूषपणातून निघत नाही. विम्याचे मूळ तत्त्वच तसे आहे. पुष्कळ लोकांनी थोडे थोडे पैसे एकत्र करावयाचे आणि ज्या एखाद्यावर अकस्मात संकट येईल त्याची हानी त्यातून भरून काढावयाची, ही ती योजना. जे घडेल की नाही हे कोणासच ठाऊक नाही, त्याचाच विमा होऊ शकतो. लाकूड कुजणे, लोखंड गंजणे, चुना भुसभुशीत होणे ह्या गोष्टी अकस्मात नाहीत, त्या घडणारच. मग मृत्यूही अटळ असता आयुष्याचा विमा कसा उतरवितात, असे एखादा चतुर विद्यार्थी विचारील. तेथे अनिश्चितता वेळेची असते. छपराच्या झिजण्याविषयी मात्र तेवढीही अनिश्चितता नाही. म्हणूनच आपल्या देशाच्या १९६३ च्या सागरी विमा कायद्यात, करारात निराळे ठरले नसेल तर नेहमीच्या झिजेबद्दल विमेदारास भरपाई मिळणार नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. आणि घरांच्या विम्यातही तेच तत्त्व पाळले जाते.

भारतात आगीचा व तत्सम विमा उतरविणारी पहिली कंपनी, ट्रायटन, १८५० मध्ये कलकत्त्यास निघाली. १ जानेवारी १९७३ रोजी हा सर्व धंदा सरकारने आपल्या हाती घेतला. पुढे २००० सालापासून खाजगी कंपन्यांसही पुन्हा वाव मिळाला. १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकाने ‘भारत गृह रक्षा’ नावाचे एकाच नमुन्याचे विमापत्र सर्व कंपन्यांस लागू केले आहे. आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, भूस्खलन, अंगावर काही आदळणे, पाण्याची टाकी फुटणे इत्यादी संकटे त्यात मोडतात. विम्याची रक्कम घराच्या क्षेत्रफळावरून व बांधकामाच्या चालू दरावरून ठरते. जागेची किंमत तीत धरीत नाहीत, कारण वादळ जमीन उडवून नेत नाही. छपराची नेहमीची गळती ह्या यादीत नाही, हे मात्र ध्यानी ठेवण्याजोगे आहे. श्रावणात भिंतीस ओल येते, छताचे पोपडे पडतात, तो खर्च ज्याचा त्यानेच सोसावयाचा.

आता वारा छपराचे काय करतो ते पाहू. ह्यात थोडे गणित आहे. वाऱ्याचा वेग दर सेकंदास मीटरमध्ये घ्यावा, त्याचा वर्ग करावा आणि त्यास ०.६ ने गुणावे, म्हणजे दर चौरस मीटरवरील दाब न्यूटनमध्ये मिळतो. ताशी ५० किलोमीटर वाऱ्याचा दाब ह्या हिशेबाने सुमारे १२ किलो वजनाइतका, आणि ताशी १०० किलोमीटरचा सुमारे ४७ किलोइतका येतो. वेग दुप्पट, पण दाब चौपट. शिवाय छपरावरून वाहणारा वारा छप्पर नुसते दाबीत नाही, त्यास वर ओढतो. कडांशी व कोपऱ्यांशी ही ओढ सर्वांत जास्त असते. लोखंडी पत्र्याचे वजन चौरस मीटरला जेमतेम ५ किलो. म्हणजे गच्चीवर नंतर घातलेली पत्र्याची शेड आपल्या वजनाने जागेवर राहतच नाही. तिला धरून ठेवतात ते बोल्ट आणि आकड्या. बोल्टाभोवतीचे भोक गंजून रुंद झाले की पत्रा सुटलाच. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा कौले आणि पत्रे कसे उडाले, हे तिकडे नातलग असलेल्या घरांस सांगावयास नको.

आपल्याकडे समुद्र नाही, पण आंधी आहे. २ मे २०१८ च्या रात्री राजस्थान व उत्तर प्रदेशात धुळीचे जे वादळ झाले, त्यात शंभराहून अधिक माणसे मेली. सर्वांत अधिक बळी आग्रा जिल्ह्यात गेले. भरतपूर आणि आपल्या शेजारचे धौलपूर हेही त्या तडाख्यात सापडले. झोपेत असता भिंती व छपरे अंगावर कोसळून दगावलेले लोक त्यात पुष्कळ होते. विम्याच्या पैशांची गोष्ट त्यानंतरची.

५ सेंटिमीटर जाडीची पटिया चौरस मीटरला शंभर किलोहून अधिक भरते. तिला वारा उचलू शकत नाही. म्हणून दगडी गच्चीच्या मालकास आंधीचे भय वाटत नाही. आणि तेथेच तो फसतो. वैशाख-ज्येष्ठातील आंधी गच्चीवर धूळ, पिंपळाची पाने, पतंगांचे दोरे आणून टाकते. हा सारा कचरा पन्हळीच्या तोंडाशी गोळा होतो. मग आषाढात पाऊस येतो. १० मीटर लांब व ८ मीटर रुंद गच्चीवर २५ मिलिमीटर पाऊस पडला, तर २,००० लिटर पाणी झाले. पन्हळ तुंबली आणि कठड्याच्या आत १० सेंटिमीटर पाणी साचले, तर ८,००० लिटर, म्हणजे तितकेच किलो वजन, त्या जुन्या तुळयांवर रात्रभर बसून राहते. ह्यातले थोडे थोडे पाणी कोब्याच्या भेगांतून खाली झिरपते आणि तुळईची भिंतीत गेलेली टोके कुजवू लागते. ही टोके कोणास दिसत नाहीत. वरून छप्पर पूर्वीसारखेच भक्कम भासते.

अशी तुळई पुढे कधी तरी वादळी रात्री मोडली, तर तिला कोणी मोडले? वाऱ्याने, पावसाने, की दहा वर्षांच्या ओलीने? विम्याच्या कायद्यात ह्या प्रश्नावर एक प्रसिद्ध खटला आहे, आणि तो एका जहाजाचा आहे. जानेवारी १९१५ मध्ये ‘इकारिया’ नावाच्या इंग्रज बोटीस जर्मन पाणबुडीचा पाणतीर लागला. ती बुडाली नाही. तिला फ्रान्सच्या ल हाव्र बंदरात आणून धक्क्याशी बांधले. इतक्यात वारा उठला आणि ती धक्क्यावर आदळू लागली. तेथे बुडाली तर धक्काच अडेल ह्या भीतीने बंदराच्या अधिकाऱ्यांनी तिला बाहेरच्या बाजूस हलविले. तेथे ओहोटीला ती तळाशी टेके, भरतीला पुन्हा तरंगे. असे होता होता अखेर ती बुडाली. समुद्राच्या संकटांचा विमा होता, युद्धाचा नव्हता. मालक म्हणाले, बोट वाऱ्याने व समुद्राने बुडविली. १९१८ मध्ये इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायपीठाने निकाल दिला की, काळाने शेवटचे ते कारण नव्हे. परिणाम घडविण्यात जे सर्वांत प्रबळ ते कारण. बोट पाणतिराने बुडाली असे ठरले आणि मालकांस काही मिळाले नाही.

छपरास हाच न्याय लावून पाहावा. साध्या वाऱ्यात, आळीतील एकही फांदी मोडली नसता, फक्त आपलेच छप्पर खाली आले, तर वारा हे निमित्त आणि कूज हे कारण. उलट त्याच रात्री कडुनिंब उन्मळले, शेजाऱ्यांचे पत्रे उडाले, विजेचे खांब वाकले, तर आपले छप्पर जुने होते एवढ्यावरून दावा नाकारणे न्याय्य नव्हे. जुने असणे हा अपराध नाही. वय झालेल्या वस्तूची भरपाई हिशेबात कमी बसू शकेल, कारण हानीपूर्वी जी स्थिती होती ती परत आणून देणे एवढाच विम्याचा हेतू. पण कमी देणे आणि मुळीच न देणे ह्यांत मोठे अंतर आहे. कंपनीकडून आलेले प्रत्येक पत्र वाचताना हे अंतर मालकाने ओळखले पाहिजे.

हानीची पाहणी करण्यास सरकारमान्य सर्वेक्षक येतो. तो काय पाहतो, हे शिकण्यासारखे आहे. ताजा तुटलेला दगड आतून स्वच्छ व उजळ दिसतो. जुन्या भेगेत धूळ, काजळी, कधी शेवाळ असते. ताजे मोडलेले लाकूड तंतुमय व फिक्या रंगाचे. कुजलेले काळपट, आणि बोटाने कुसकरता येण्याजोगे. भिंतीवरील पाण्याच्या डागास एकावर एक कडा असल्या, तर ते पाणी एका रात्रीचे नव्हे. कठड्याच्या सांध्यात पिंपळाचे रोप हातभर वाढलेले असेल, तर मालक किती वर्षे गच्चीवर आला नाही हे निराळे विचारावे लागत नाही.

म्हणून निगा राखणे पुरेसे नाही. राखल्याचा पुरावाही ठेवावा. ह्यास एक चाळीस पानी वही पुरे, आणि हे काम घरातील विद्यार्थ्याने आनंदाने अंगावर घ्यावे. लष्करात छपराची तपासणी वर्षातून दोनदा हवी: एकदा होळीनंतर, आंधी सुरू होण्याच्या आत, पत्रे व बोल्ट पाहण्यासाठी, आणि पुन्हा जूनच्या मध्यास, पावसापूर्वी, पन्हळी साफ करण्यासाठी. दिनांक घालून काय पाहिले, काय दुरुस्त केले ते लिहावे, गवंड्याची पावती चिकटवावी, छायाचित्रे घ्यावीत. गच्चीच्या कडेशी मात्र वडील माणसावाचून जाऊ नये. नवी शेड घातली असेल, तर विमा कंपनीस लेखी कळवावे. जी वस्तू करारात नाही तिची भरपाई मागता येत नाही. हानी झालीच, तर कंपनीस त्वरित कळवावे, उघड्या भागावर ताडपत्री घालून पुढचे नुकसान थांबवावे, पण सर्वेक्षक येऊन जाईपर्यंत मोडकी तुळई भंगारात देऊ नये. पुष्कळ लोक आवराआवरीच्या घाईत आपलाच साक्षीदार विकून टाकतात.

लष्करातील जुन्या वाड्यांची अडचण ह्याहून बिकट आहे. वाडा एक, भाऊबंद चार. त्यांतले दोन पुण्याला वा इंदूरला, एक परदेशी, आणि राहावयास मागे एखादी वृद्ध काकू व खालच्या मजल्यावर जुना भाडेकरू. गच्ची सर्वांची, म्हणून ती कोणाचीच नाही. पन्हळ साफ करण्याचे दोनशे रुपये कोणी द्यावयाचे ह्यावर पत्रव्यवहार चालतो, तोवर पाणी आपले काम करीत राहते. अशा घरी विमापत्रावर सर्व हिस्सेदारांची नावे असावीत, आणि दुरुस्तीचा खर्च कोणी किती सोसावयाचा हे कागदावर ठरलेले असावे. ते नसेल तर कंपनी भरपाई देण्यास तयार असूनही पैसे कोणाच्या हाती द्यावेत ह्यावरून ते अडून राहतात, आणि छत नसलेल्या खोलीत पावसाळा काढावा लागतो तो काकूस.

विमा नसलेल्यांस नैसर्गिक आपत्तीत मध्य प्रदेश शासन राजस्व पुस्तक परिपत्र ६-४ अन्वये साहाय्य देते. त्यासाठी तहसील कचेरीत अर्ज करावा लागतो. ते साहाय्य आहे, भरपाई नव्हे; त्यातून घर पुन्हा उभे राहीलच असे नाही. आणि ज्याने विमा घेतला आहे, त्याचा दावा अन्यायाने नाकारला गेला असे त्यास वाटले, तर प्रथम कंपनीच्याच तक्रार अधिकाऱ्याकडे लिहावे. तेथे समाधान न झाल्यास भोपाळ येथे विमा लोकपालाचे कार्यालय आहे. तेथे शुल्क पडत नाही आणि वकीलही लागत नाही. कंपनीच्या अंतिम उत्तरानंतर एक वर्षाच्या आत अर्ज करावयाचा असतो, आणि त्यास विमापत्र, कंपनीचे उत्तर, छायाचित्रे, पावत्या व ती चाळीस पानी वही जोडता येते.